बिसुनदेव आणि शेहेचाळीस नकला

सोमवारी सकाळी बिसुनदेवने जेवणाचा डबा टेबलावर ठेवला आणि तो खुर्चीत टेकायच्या आत फोन वाजला. पलीकडे कॅप्टन लेदुआ होता.

"बिसुन, तू कधी डुकरामागे पळाला आहेस का?"

"सकाळी सकाळी हे काय विचारणं झालं, कॅप्टन?"

"मी पळालो. शनिवारी, धक्क्यावर. साठी उलटलेला माणूस मी. भर पावसात दोन डुकरं पुढे आणि मी मागे. एक सापडलं. दुसरं गोदामात शिरलं, ते अजून बाहेर येत नाही. आणि हे कोणामुळे, सांगू?"

बिसुनदेवने डबा बाजूला सरकवला. असल्या प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं एवढं त्याला एकोणसाठ वर्षांत कळलं होतं.

लेदुआच्या बोटी सुवा बंदरातून दूरच्या बेटांवर जातात. त्या बोटींचं मोबाईलवरचं अ‍ॅप बिसुनदेवच्या कचेरीने केलेलं. शनिवारी समुद्र खवळला म्हणून बोट रद्द झाली. मोआला बेटावरच्या एका लग्नाची मंडळी त्या बोटीने जायची होती. त्यांनी अ‍ॅपवर तिकिटाचा पडदा, म्हणजे स्क्रीन, उघडला, 'बोट रद्द' वाचलं आणि ती घरी थांबली. पण त्याच अ‍ॅपवरचा मालाचा पडदा सांगत होता, 'तुमचा माल नोंदला आहे, सकाळी सहाला धक्क्यावर आणा.' ट्रकवाल्याने तेवढाच पडदा पाहिला. त्याने दालोच्या कंदांच्या चाळीस जुड्या, चटयांचे गठ्ठे आणि दोन डुकरं धक्क्यावर उतरवली आणि तो निघून गेला.

"माणसं घरी आणि डुकरं धक्क्यावर!" लेदुआ ओरडला. "पुढच्या महिन्यापासून बेटांवरचे आजारी लोक याच अ‍ॅपवरून जागा मागणार आहेत. झोपून यायची जागा, सोबत नर्स. तिथे असं झालं तर? एखाद्या पोटुशीला होडीतून, बोट थांबते त्या खडकापर्यंत आणून बसवतील आणि बोट येणारच नाही. शुक्रवारी मी येतो. माझ्यासमोर बोट रद्द करायची आणि सगळ्या पडद्यांवर तेच दिसलं पाहिजे. एक जरी चुकला तरी काम ऑकलंडच्या लोकांना देऊन टाकतो."

फोन बंद झाला. बिसुनदेवने कपाळाला हात लावला. लेदुआचं काम गेलं तर ती कचेरी महिनाभरसुद्धा चालली नसती. कचेरी म्हणजे तरी काय, बेकरीच्या माडीवरची एक खोली, तीन टेबलं आणि तीन माणसं. मालक ब्रिस्बेनला राहायचा. बाकीच्या दोघांना दुसरीकडे काम मिळालं असतं. त्याला या वयात कोणी उभं केलं नसतं.

बिसुनदेव मूळचा लंबासा गावचा, ऊसवाल्याचा मुलगा. बापाने भाड्याने कसलेल्या जमिनीचा करार संपला, तो पुन्हा झाला नाही, आणि घर सुव्याला आलं. त्याआधी सात वर्षं तो लंबासाच्या पोस्टात खिडकीवर बसला होता. पोस्टात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा बाकीचे त्याच्यावर कापड घालून ठेवायचे, हा एकटा कापड काढून बसायचा. पुढे पुस्तकं मागून आणली आणि स्वतःच शिकला. शिकवणारा कोणी नव्हता, त्यामुळे काही गोष्टी पक्क्या आल्या आणि काही तशाच अर्ध्या राहिल्या. नव्या मुलांसमोर त्या अर्ध्या गोष्टी उघड्या पडतील याची त्याला कायम धास्ती असे, म्हणून तो कमी बोलायचा आणि भराभर 'हो हो' म्हणायचा.

बाकीचे दोघं म्हणजे केलेपी आणि उनाइसी. दोघंही मोआलाचे, दोघंही हुशार, आणि दोघांच्या आया सख्ख्या बहिणी. सगळी गोम तिथेच होती. त्यांच्या बेटावर मावशीची मुलं म्हणजे सख्खी भावंडं, आणि मोठ्या झालेल्या भावाने नि बहिणीने एकमेकांशी समोरासमोर बोलायचं नाही, थट्टा तर नाहीच नाही. हा राग नव्हे, मान. केलेपी जिन्याने वर येत असला तर उनाइसी वाटेतून बाजूला होई, आणि तिचा डबा उघडा असला तर तो मान दुसरीकडे फिरवून जाई. मालकाने दोघांना नोकरीवर घेताना हे विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. विचारल्याशिवाय कोण सांगतं?

"ती माझी आतेबहीण असती ना, मामा," केलेपी एकदा म्हणाला होता, "तर रोज तिची टर उडवली असती. तिच्या चहात मीठ घातलं असतं. आतेबहिणीला काहीही बोललेलं चालतं. पण ही मावसबहीण. काय करणार?"

तिथले लोक वडील माणसाला आईच्या भावाचं नातं लावतात, म्हणून बिसुनदेव दोघांचा मामा. मामाचं काम निरोप्याचं.

"मामा, तिला सांगा, वेळापत्रकाचा पडदा झाला."

"उनाइसी, वेळापत्रकाचा पडदा झाला म्हणतो."

"ऐकलं, मामा. त्याला म्हणावं, बरं झालं."

"बरं झालं म्हणते."

"ऐकलं."

दोघांच्या टेबलांत दहा पावलांचं अंतर. गेली चार वर्षं हे असं चाललं होतं आणि बिसुनदेवचा जीव मेटाकुटीला आला होता.

अ‍ॅपचा घोळ इथूनच सुरू झाला. अ‍ॅपमधला प्रत्येक पडदा लेदुआकडच्या दूरच्या कॉम्प्युटरला काहीतरी विचारतो, आणि जाताना चिठ्ठी ठेवून जातो: उत्तर आलं की हे कर, आलं नाही तर ते कर. त्या चिठ्ठीला ही मंडळी कॉलबॅक म्हणतात. केलेपीने पहिला कॉलबॅक लिहिला, वेळापत्रकासाठी. उत्तर आलं तर दाखव, रिकामं आलं तर तसं सांग, नेटवर्क नसेल तर थांबून पुन्हा विचार. चांगला तीसेक ओळींचा. मग उनाइसीला तिकिटासाठी तसाच हवा झाला. खरं तर केलेपीचाच थोडा सैल करून दोघांनी वापरायचा. पण भावाच्या लिखाणाला न विचारता हात कसा लावणार? आणि विचारणार कसं?

तिने मामाला विचारलं. मामाला त्या दिवशी घरी लवकर जायचं होतं. "नक्कल करून घे ना तुझ्याकडे," तो म्हणाला, "काय बिघडतं?"

तिने नक्कल केली आणि वेळापत्रकाच्या जागी तिकीट लिहिलं. मग परताव्यासाठी दुसरी नक्कल, मग तिसरी. तिच्या एका नकलेत नेटवर्कची बाजू फार छान जमली होती. केलेपीला ती हवी होती, तर बहिणीच्या लिखाणाला हात लावायचा नाही म्हणून त्याने तिची नक्कल केली. जानेवारीत लेदुआच्या कॉम्प्युटरने 'बोट रद्द' असं एक नवंच उत्तर धाडायला सुरुवात केली, तेव्हा प्रत्येक नकलेला ते वेगवेगळं शिकवावं लागलं. दोघं आठवडाभर तेच करत बसले होते.

सोमवारी दुपारी बिसुनदेवने मोजलं. शेहेचाळीस. एकाच चिठ्ठीच्या शेहेचाळीस नकला, आणि त्यातली मालाच्या पडद्याची तेवढी 'रद्द' शिकायची राहिलेली.

"ती दुरुस्त करून टाकू, झालं," केलेपी म्हणाला.

"आणि परवा सत्तेचाळिसावी राहिली तर?" बिसुनदेव म्हणाला. " आजारी माणसांचा पडदा यायचा आहे. नाही. आता एकच करायचा. जेनेरिक."

जेनेरिक काय ते बिसुनदेवला पोस्टामुळे कळायचं. पोस्टात पोचपावतीचं कार्ड एकच असे. पाकीट असो, पार्सल असो, कार्ड तेच. फक्त 'काय पोचलं' या शब्दांपुढे रिकामी जागा. जागा भरली की ते कार्ड त्याच वस्तूचं. पार्सलासाठी वेगळं कार्ड छापा असं कधी कोणी म्हटलं नाही. कॉलबॅकही तसाच लिहायचा: वस्तूच्या नावाची जागा मोकळी ठेवायची, आणि वापरताना भरायची, इथे तिकीट, इथे वेळापत्रक.

"पण कोणाचा घेऊन सुरुवात करायची?" केलेपीने विचारलं.

प्रश्न बरोबर होता, म्हणूनच बिसुनदेवला राग आला. केलेपीचा घ्यावा तर उनाइसीने केलेल्या सुधारणा जातात. उनाइसीचा घ्यावा तर धाकटी बहीण मोठ्या भावाचं काम पुसणार.

"तिला विचारा, मामा, तिचं काय म्हणणं आहे."

"उनाइसी, तुझं काय म्हणणं आहे?"

"तो म्हणेल तसं."

"तो काय म्हणतो तेच तर मी विचारतोय, बाई!"

"मग तिला म्हणावं, ती म्हणेल तसं," केलेपी म्हणाला.

मंगळवार असा गेला. दुपारपर्यंत 'तो म्हणेल तसं' आणि 'ती म्हणेल तसं' याचं गुऱ्हाळ चाललं. शेवटी बिसुनदेव वैतागून म्हणाला, "तुम्ही बसा एकमेकांचा मान राखत. मी लिहितो." दाराजवळच्या आपल्या टेबलावर बसून त्याने डाळ-रोटी खाता खाता लिहून काढला. त्यातल्या त्यात बरा झाला असं त्याला वाटलं. संध्याकाळी त्याने दोघांना पाहायला दिला. दोघांनी पाहिला, मान डोलावली आणि काहीच म्हटलं नाही. घरी गेल्यावर तो प्रेमवतीला, बायकोला, म्हणालासुद्धा की अजून जमतं मला.

बुधवारी सकाळी त्याने सहा पडदे त्या नव्या कॉलबॅकला जोडले आणि फोनवर अ‍ॅप उघडलं. वेळापत्रकाचा पडदा उघडताच अ‍ॅप धाडकन बंद पडलं. पुन्हा उघडलं, पुन्हा बंद पडलं.

चूक शोधायला त्याला दोन तास लागले. त्याने कार्डावर रिकामी जागा ठेवलीच नव्हती. 'काय पोचलं' याच्यापुढे त्याने छापूनच टाकलं होतं, 'काहीही'. काहीही म्हटल्यावर कॉम्प्युटर कशालाच हरकत घेत नव्हता. वेळापत्रकाच्या पडद्याला चुकून तिकीट मिळालं, पडदा त्यात बोटीची वेळ शोधू लागला, आणि ती तिथे नव्हतीच. जागा नीट मोकळी सोडून तिथे नाव भरलं असतं, तर लिहितानाच कॉम्प्युटरने हटकलं असतं.

"हे तुम्हाला दिसलं नाही काल?" त्याने दोघांना विचारलं.

केलेपी खिडकीबाहेर पाहू लागला. उनाइसी टेबलाकडे.

"दिसलं होतं, मामा," ती हळूच म्हणाली.

"तुलाही?"

"मलाही," केलेपी म्हणाला.

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही मोठे."

बिसुनदेवच्या अंगाचा तिळपापड झाला. तो सहसा ओरडत नसे, त्यामुळे त्याला ओरडणं धड जमलंही नाही. आवाज मध्येच चिरकला. "मोठा! तो मोठा, ती बहीण, मी मामा! अरे, मग शुक्रवारी लेदुआलाही हेच सांगा, की आम्ही एकमेकांना फार मान देतो, म्हणून तुमची डुकरं पळतात! मी काय टपालाची पिशवी आहे? चार वर्षं इकडून तिकडे, तिकडून इकडे!"

 खाली बेकरीत पाव भाजल्याचा वास येत होता.  बिसुनदेवने खुर्ची ओढली, ती नेमकी दोघांच्या टेबलांच्या मधोमध आली, आणि तो त्या खुर्चीत मटकन बसला. "आता मी निरोप नेणार नाही," तो म्हणाला. "इथून उठणारच नाही."

 मग उनाइसी त्याच्याकडे पाहत, पण जरा मोठ्याने म्हणाली, "मामा, रिकामी जागा कार्डाच्या वरच, नावालाच ठेवायला हवी. म्हणजे आत जिथे जिथे ती वस्तू येईल तिथे तेच नाव आपोआप लागेल."

बिसुनदेवने तोंड उघडलं. त्याच्या आधीच डावीकडून केलेपी बोलला, त्याच्याकडेच पाहत. "बरोबर आहे, मामा. पण चूक झाली की द्यायचं उत्तर सगळ्यांचं एकच असतं. त्याला जागा नको. जागा फक्त चांगल्या उत्तराला."

"आणि 'रद्द'?" उनाइसीने मामाला विचारलं.

"मामा, 'रद्द' हे चांगल्यातही नाही आणि चुकीतही नाही. त्याची तिसरी वाट, आणि ती एकदाच लिहायची. पडद्याला ती टाळता येता कामा नये."

"म्हणजे एखाद्या पडद्याने 'रद्द'चं काय करायचं ते लिहिलं नाही तर अ‍ॅप तयारच होऊ नये, असंच ना, मामा?"

"अगदी तसंच, मामा."

बिसुनदेव एकदा उजवीकडे पाही, एकदा डावीकडे. निम्मं त्याला कळत होतं. 'हो, हो' एवढंच तो म्हणत होता, आणि तेही कोणाला हवं नव्हतं. हवा होता तो फक्त मध्ये बसलेला मामा. चार वर्षांत त्यांना एकमेकांशी इतकं बोलताना त्याने ऐकलं नव्हतं, आणि नियमाने पाहिलं तर ते एकमेकांशी बोलतच नव्हते. दुपारी तो हात धुवायला उठला तर दोघंही गप्प झाले. तो परत येऊन बसला तेव्हा पुन्हा सुरू झाले. 'आता मला लघवीलाही जाता येणार नाही' असं त्याच्या मनात आलं आणि तो पुन्हा चिडला.

गुरुवारी सकाळी नवा कॉलबॅक उभा राहिला. एकच, पंचेचाळीस ओळींचा. तो ना केलेपीच्या फायलीत, ना उनाइसीच्या, नव्याच फायलीत. पडद्यांच्या जोडण्या त्याच्याकडे वळवून झाल्या, आणि जुन्या नकला पुसायची वेळ आली.

"एकमेकांचं कोणी पुसायचं नाही," बिसुनदेव म्हणाला. "ज्याचं त्याने पुसा."

हे दोघांनाही पटलं. केलेपीने आपल्या एकोणीस पुसल्या. उनाइसीने सव्वीस. बिसुनदेव बोटांवर मोजत होता. पंचेचाळीस.

"एक राहिली. मालाचा पडदा. तीच ती डुकरांची. कोणाची आहे?"

पुन्हा एकाने खिडकी पाहिली आणि दुसरीने टेबल.

"अरे, कोणाची?"

कोणती ओळ कोणी लिहिली याची नोंद कॉम्प्युटर ठेवतो. बिसुनदेवने नोंद उघडली. दोन वर्षांपूर्वीची तारीख होती. त्या महिन्यात उनाइसी बाळंतपणाच्या रजेवर होती, केलेपी गावी मयताला गेला होता, आणि लेदुआला मालाचा पडदा तातडीने हवा होता. नाव लिहिलं होतं, बिसुनदेव.

त्याने नोंद बंद केली.

"जानेवारीत 'रद्द' शिकवताना ही दिसली असेल ना तुम्हाला?"

"दिसली, मामा," उनाइसी म्हणाली. "पण ती तुमची. मला वाटलं, तुम्हाला कोणीतरी सांगितलं असेल." नाव न घेता तिने डोळ्यांनी पलीकडचं टेबल दाखवलं.

"मलाही तसंच वाटलं," केलेपी म्हणाला. "तिला विचारून पाहिलं असतं, पण..."

"कळलं, कळलं," बिसुनदेव म्हणाला. त्याने शेहेचाळिसावी नक्कल स्वतःच्या हाताने पुसली. चडफडायला आता दुसरं कोणी उरलं नव्हतं.

शुक्रवारी अकरा वाजता लेदुआ आला. छत्री झटकून तो खुर्चीत बसला. केलेपीने चहा आणि खालून आणलेले गरम बन त्याच्यासमोर ठेवले, पण तो त्यांना शिवला नाही.

"आधी काम."

"त्याआधी एक सांगायचं आहे," बिसुनदेव म्हणाला. "शनिवारचा तो पडदा मी लिहिला होता. या दोघांनी नाही. घाईत नक्कल मारली आणि विसरलो."

केलेपीने चमकून पाहिलं. उनाइसी खाली मान घालून उभी राहिली.

"तू?" लेदुआ म्हणाला.

"मी."

"आणि मी सोमवारपासून या पोराला मनातल्या मनात शिव्या देतोय." लेदुआने सुस्कारा टाकला. "बरं. बोट रद्द कर."

उनाइसीने बोट रद्द केली. लेदुआने खिशातून आपला फोन काढला, तडा गेलेला, आणि एकेक पडदा स्वतः उघडला. तिकीट: रद्द. वेळापत्रक: रद्द. परतावा, आसन, माल: रद्द. मालाचा पडदा त्याने तीनदा उघडून पाहिला. मग डोळे बारीक करून त्याने आणखी कुठे कुठे बोटं घातली. सगळीकडे एकच शब्द.

"ठीक," तो म्हणाला. "ठीक दिसतंय. पण आजारी माणसांचा पडदा? तो कधी? मागचा करायला तुम्ही तीन आठवडे घेतले होते."

"मामा, त्यांना सांगा, थोडं थांबायला," केलेपी म्हणाला. लेदुआशी तो थेट बोलू शकला असता, पण आठवडाभराची सवय लागली होती.

बिसुनदेव मधल्या खुर्चीत जाऊन बसला. लेदुआने शेवटी एक बन उचलला आणि चहात बुडवला. डावीकडून केलेपी मामाला काहीतरी म्हणाला, उजवीकडून उनाइसीने मामाला उत्तर दिलं. कार्डाच्या रिकाम्या जागेत तिने 'रुग्ण' लिहिलं. पडद्यावर चार खाने आले: नाव, बेट, झोपून की बसून, सोबत कोण. 'रद्द'चं काय करायचं ते लिहायचं राहिलं होतं, तर अ‍ॅप तयारच होईना. तिने ते लिहिलं, आणि झालं. लेदुआचा दुसरा बन अजून अर्धा उरला होता.

त्याने फोनवर ते पाहिलं. बोट पुन्हा सुरू करायला लावली, एक खोटा रुग्ण नोंदवला, पुन्हा बोट रद्द करायला लावली. 'बोट रद्द. निघू नका. नर्सला कळवलं आहे.'

"एवढंच होतं?" लेदुआ म्हणाला. "एवढंच होतं तर आधी का नाही केलंत?"

बिसुनदेवला त्या क्षणी लेदुआच्या गळ्याला धरावंसं वाटलं. सांगायचं म्हटलं तर चार वर्षांचं रामायण होतं, आणि त्यातला मोठा भाग त्याच्या स्वतःच्याच नावावर होता.

"चहा घे, कॅप्टन," तो म्हणाला. "गार होतोय."

लेदुआने चहा संपवला, छत्री उचलली आणि पुढच्या महिन्याच्या बोटींची यादी टेबलावर ठेवून तो जिना उतरला. ऑकलंडचं नाव त्याने काढलं नाही.